निळ्या फुलांची वाकळ आणि वाळूजची एक दुपार

‘ताई, फोटोतली वाकळ माझ्या आईची आहे. कृपा करून ती कापू नका.’

ब्लॉगखाली आलेली ही प्रतिक्रिया मी सकाळी चहा पिताना वाचली आणि कप तसाच ओट्यावर ठेवला. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, मी जुन्या कापडाच्या मागे असते. जुन्या बाजारातून गोधड्या आणायच्या, त्यांचे थर उसवायचे, कुठलं कापड कोणत्या काळातलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि चांगले तुकडे नव्या गोधडीत लावायचे, हा माझा उद्योग. छत्रपती संभाजीनगरला छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मला मागच्या हिवाळ्यात एक गोधडी मिळाली होती. तिकडे तिला वाकळ म्हणतात. वरच्या थरावर निळी फुलं, कडेला बारीक धावदोरा. ‘हिचं वय काय असेल?’ असं विचारत मी तिचा फोटो टाकला होता. त्यालाच हे उत्तर आलं होतं.

मी नंबर मागितला आणि फोन केला. पलीकडे वंदनाताई होत्या. संभाजीनगरातच राहतात, एका दवाखान्यात परिचारिका आहेत. आधी बऱ्याच शांतपणे बोलल्या, मग रडूच फुटलं. आई गेल्यावर धाकट्या भावाने, सुभाषने, वाळूजचं घर पाडून नवं बांधलं. त्या गडबडीत आईची वाकळ नाहीशी झाली. भावजय सुनीताने एक वाकळ बोहारणीला देऊन भांडं घेतलं होतं. ती म्हणायची, दिली ती माझी होती, आईंची नव्हे. वंदनाताईंचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून त्यांनी भावाच्या घराची पायरी चढलेली नव्हती.

“आता तुमच्या फोटोत ती दिसलीच की! सुनीता खोटं बोलली, हे आता तिच्या तोंडावर सांगते मी.”

कुरिअर करता आलं असतं. पण मोबाइलवरच्या फोटोतून सूत आणि पॉलिएस्टर वेगळं ओळखता येत नाही, आणि दोन घरांचा निकाल त्या फोटोवर लागणार होता. मी त्यांना म्हटलं, “मी घेऊनच येते. आपण सोबत बघू. तोवर कुणाला काही बोलू नका.” त्या दिवसापासून मी त्या वाकळीचा एक टाकाही उसवला नाही.

पुण्याहून सकाळी लवकरची शिवशाही घेतली. साध्या एसटीनेही जाता येतं, भाडं कमी पडतं, फक्त वेळ जास्त हाताशी ठेवा. शिरूरपर्यंत वाहतूक कंटाळा आणते. नगरला बस बराच वेळ थांबते, तिथेच खाऊन घ्यावं, कारण पुढे नेवासा फाट्यावर ती थांबेलच असं नाही. प्रवरासंगमला गोदावरीचा पूल लागला आणि बसमधल्या आजींनी खिडकीतून नाणं टाकलं. मी मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून बसले होते. वाकळ त्यांच्या आईची निघाली तर एक बाई खोटी ठरणार. नाही निघाली तर दुसरीची आशा जाणार. दोन्हींतलं काय बरं, हे मला ठरवता येत नव्हतं. वाळूजला कंपन्यांच्या बसेसच्या रांगेत आमची बस अडकली, आणि इथेच कुठेतरी ती सुनीता राहते, या विचाराने मी उगाचच बाहेरच्या घरांकडे बघत राहिले.

क्रांती चौकाजवळ लॉज घेतला होता. खोली स्वच्छ, खिडकी रस्त्यावर. गर्दीच्या आवाजाने झोप मोडणाऱ्यांनी मागच्या बाजूची खोली मागावी. हातपाय धुऊन लगेच वंदनाताईंकडे गेले, चालत जाण्यासारखंच अंतर.

त्यांनी दार उघडलं ते थेट गाठोड्याकडे बघतच. मी वाकळ पलंगावर पसरली. त्यांनी फुलांवरून हात फिरवला, मग गुडघ्यावर बसून गाल टेकवला. मी भिंतीवर बघितलं. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांच्या आईचा रंग उडालेला फोटो होता. अंगावर निळ्या फुलांची साडी. फूल अगदी तेच.

“तीच आहे ना?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या आईने वाकळ कधी शिवली होती, आठवतं?”

“आठवतं म्हणजे! मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघाले तेव्हा. होस्टेलला न्यायला दिली होती मला, लग्नात ती आईकडंच ठेवून आले. सुभाष तेव्हा शाळेत जात होता. वर ही साडी, आत दादांची, म्हणजे वडिलांची, धोतरं. बाकी काहीच नव्हतं घरात घालायला.”

मी त्यांना गोधडीचं वय कसं बघतात ते सांगितलं. वरच्या थरावर कधीच जाऊ नये, कारण जुन्या गोधडीवर नवं कापड कधीही चढवता येतं. मधला थर मात्र शिवतानाच घालावा लागतो. म्हणून गोधडी तिच्या मधल्या थरातल्या सर्वांत नव्या कापडापेक्षा जुनी असू शकत नाही. “एक कोपरा उसवू?” मी विचारलं. त्यांनी मान डोलावली.

मी टोकदार कात्रीने टाके सोडवले. आत धोतर नव्हतं. राखाडी निळं, जाड टेरिकॉटचं कापड होतं. थोडं अजून उघडल्यावर त्यावर एक गडद चौकोन दिसला. शर्टाचा खिसा काढून टाकल्यावर त्याच्याखालचं न विटलेलं कापड दिसतं, तसा.

वंदनाताई पुढे वाकल्या. “हा तर सुभाषच्या कंपनीचा शर्ट.”

“ते नोकरीला कधी लागले?”

“माझं ट्रेनिंग होऊन, लग्न होऊन गेल्यावर.” त्या पलंगाच्या कडेला बसल्या. “पण मग ही फुलं? ही तर आईचीच साडी आहे.”

मी वरच्या कापडाचे दोन धागे ओढले, चिमट्यात धरले आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावली. घरी करून बघायचं असेल तर असंच करा, दोनच धागे, खाली ताटली आणि पंखा बंद. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. हे धागे आक्रसले, वितळले आणि त्यांचा काळा, टणक मणी झाला.

“पॉलिएस्टर आहे,” मी म्हटलं. “फूल तेच, साडी दुसरी. चांगली खपणारी नक्षी पुढे स्वस्तातल्या कापडावर छापतात.”

“आईनं असलं कापड कधी अंगाला लावलं नाही. तिला पुरळ यायचं.” त्यांनी तो मणी बोटाने दाबून बघितला. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे सुनीता खरं बोलत होती.” आणि माझ्याकडे वळून, “मग आईची कुठं गेली, अंजलीताई?”

त्यांनी जेवायला थांबवलं. येसर आमटी आणि बाजरीची भाकरी होती. आमटी इतकी झणझणीत आणि चवीची की एरवी मी दोनदा मागून घेतली असती. त्या दिवशी आम्ही दोघी ताटाकडे बघून जेवलो. उठताना त्या म्हणाल्या, “उद्या माझी सुट्टी आहे. वाळूजला जायचं. तुम्ही चला सोबत, एकटीनं माझा पाय उचलणार नाही.”

क्रांती चौकातून वाळूजला शेअर रिक्षा आणि सिटी बस दोन्ही मिळतात. शिफ्ट सुटायच्या वेळी मात्र निघू नका. आम्ही दुपारच्या आधी निघालो. छावणीचा पूल ओलांडून नगर नाक्यापाशी आल्यावर वंदनाताई म्हणाल्या, “काय बोलू तिला?” आणि उत्तराची वाट न बघता बाहेर बघू लागल्या.

सुनीताने दार उघडलं. चाळिशी ओलांडलेली, हाताला पीठ. नणंदेला बघून ती दारातच थबकली, मग पदराने हात पुसत बाजूला झाली. “या आक्का.”

मी कोण हे सांगायची वेळच आली नाही. माझ्या हातातलं गाठोडं सैल झालं होतं आणि निळी फुलं बाहेर डोकावत होती. सुनीता पुढे आली. “अगं बया, ही तर माझी वाकळ! तुमच्याकडं कशी?” तिने कड उलटून बघितली. “माझाच टाका हाय. कोपऱ्यावर आल्यावर मला कधीच सरळ जमत नाय, हे बघा.”

“तू शिवली ही?” वंदनाताईंनी विचारलं.

“व्हय. लग्नानंतर. आईंच्या वाकळीवरचं फूल मला लई आवडायचं. बाजारात तसल्याच फुलांची साडी दिसली, घेतली. नेसून जुनी झाल्यावर शिवली. आत ह्यांचे कंपनीचे शर्ट घातले.” मग मान खाली घालून म्हणाली, “पण उन्हाळ्यात लई चिकटायची. पोरं अंगावर घेईनात. म्हणून दिली बोहारणीला. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं मी.”

“सांगितलं होतंस,” वंदनाताई म्हणाल्या. “मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

सुनीता चहा ठेवते म्हणून आत गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला, “तिच्या बदल्यात घेतलेलं पातेलं हेच. चहा त्याच्यातच ठेवलाय.” वंदनाताईंना हसू आलं आणि ते हसता हसताच त्या रडायला लागल्या.

चहा पिताना सुनीताने सांगितलं, की आईंची वाकळ आपल्या हातून गेली असेल ही धास्ती तिलाही होती. घर पाडलं तेव्हा सामान शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. परत आणल्यावर वाकळ दिसली नाही. तिने सगळी बोचकी उघडून बघितली होती. बोलली कुणाशीच नाही.

मी दिवाणावर बसले होते. माझी सवय वाईट, कुठेही बसले की हात कापडाकडे जातो. पायथ्याशी तपकिरी चौकड्यांची एक वाकळ घडी करून ठेवली होती. घडी उचलली तर हाताला चांगली जड लागली. वरची चादर पातळ होती आणि कडेला बोटांना टाक्यांच्या दोन ओळी जाणवत होत्या. एक वरची, एक आतली, एकमेकींशी न जुळणाऱ्या.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“ह्यांची. रोज हीच घेतात. आईंनीच शिवलीय, शेवटच्या आजारपणात. बसल्या बसल्या काहीतरी करायच्या.”

“आत काय घातलंय?”

“काय ठाऊक? मी पहाटेपासून डब्याच्या गडबडीत असायची. त्यांनी माझ्याकडं फक्त चादर मागितली होती.”

मी वंदनाताईंकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. कात्री मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी कोपऱ्यावरचे टाके एकेक करून सोडवले, परिचारिका जखमेचे टाके काढते तसे, कापडाला धक्का न लावता. चादरीचा कोपरा वर झाला. खाली निळी फुलं होती. विटलेली, घासून पातळ झालेली, पण तीच.

मग वंदनाताई म्हणाल्या, “जाळून बघा. मला डोळ्यांनी बघू द्या.”

सुटलेला एक धागा मी चिमट्यात धरला. काडी लावताच तो भरकन जळाला, जळलेल्या कागदाचा वास आला आणि राख बोटाने चिरडली तर पावडर झाली. सूत. उसवलेल्या फटीतून पांढऱ्या धोतराची कड दिसत होती.

“कुठंच गेली नव्हती,” सुनीता म्हणाली. “आईंनी वरून चादर लावली आणि आम्ही सगळीकडं फुलं शोधत बसलो.” नणंदेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघींकडे बघताना माझ्या मनावरचं ओझं उतरलं. बसमध्ये मी दोनच निकाल धरून बसले होते. हा तिसरा मला सुचलाच नव्हता.

या सगळ्यातच सुभाषभाऊ पहिली पाळी करून आले. दारात बहिणीची चप्पल बघून त्यांनी स्वतःची काढायला जरा वेळ लावला. आत आले आणि एवढंच म्हणाले, “आक्का, जेवलीस का?”

“तू रोज आईची वाकळ पांघरून झोपतोस, तुला कळलं नाही होय रे?”

“मी झोपेत असतो, मला काय कळणार!” ते म्हणाले, आणि सगळेच हसलो.

निघताना सुनीताने तपकिरी वाकळ घडी करून पुढे केली. “न्या आक्का. तुमचीच हाय.”

वंदनाताईंनी ती परत दिवाणावर ठेवली. “राहू दे. तो पांघरतोय. मला तुझी दे.” मग एकदम माझ्याकडे वळून, “म्हणजे, तुम्ही देणार असाल तर.”

मी गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

गुरुवारी परतण्याआधी छावणीच्या बाजारात चक्कर मारली. जाणार असाल तर सकाळीच जा, चांगला माल लवकर उचलला जातो. कापड उन्हासमोर धरून बघा, विरलेली जागा लगेच कळते. छापाची उलटी बाजू बघा. कडेला गिरणीचा शिक्का दिसला आणि त्यावर मीटरऐवजी वार लिहिलेलं असलं तर ते कापड बरंच जुनं समजा. मला वाकळ विकणारे चाचा त्याच जागी बसले होते. त्यांनी ओळखलं. “क्या बाजी, वो नीले फूलांवाली गोदड़ी कैसी निकली?”

“अच्छी निकली,” मी म्हटलं.

“और एक है, दिखाऊँ?”

“आज नक्को चाचा.” त्यांनी मग चहा पाजला. जेवणासाठी जुन्या शहरात नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि जाड नान, खाल्ला. तो खायचा तर भूक ठेवूनच जा.

परतीच्या बसमध्ये मी नगरपर्यंत गाढ झोपले. मांडीवर काही नव्हतं, सांभाळायचं काही नव्हतं. एरवी मी सहलीहून कापडाचे तुकडे आणि त्यांच्या वयाचे अंदाज घेऊन येते. या वेळी एकच गोष्ट डोक्यात राहिली. आजारपणात ती बाई सुनेकडून चादर मागून घेते आणि लेकासाठी वाकळ जाडजूड करून ठेवते. लपवायचं म्हणून नाही, त्याला थंडी वाजू नये म्हणून.

घरी पोचले तेव्हा नवऱ्याने पिशवी हातात घेतली आणि ती हलकी बघून विचारलं, “गोधडी कुठं ठेवलीस?”

“तिच्या माणसांकडे,” मी म्हटलं.