चेंडू झाकणारा हात

दादा गेल्याचं मला जुईने कळवलं. मी मुलुंडला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात होते, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावत होते. फोनवर ती रडत नव्हती. "आत्या, बाबा गेला गं," एवढंच म्हणाली. हातातलं पुस्तक मी कुठल्या कप्प्यात सरकवलं ते नंतर मलाच सापडेना. रिक्षाने कांदिवलीला जाताना वाटभर मी दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते, आणि तो काही केल्या येत नव्हता. डोळ्यांसमोर येत होता तो त्याचा उजवा हात. लांब केलेला, तळवा पुढे, बोटं मिटलेली.

त्या हाताबद्दल आधी सांगायला हवं. श्रीधर, माझा थोरला भाऊ, अंधेरीच्या एका विमा कचेरीत नोकरीला होता आणि तरुणपणी कचेरीच्या फुटबॉल संघात खेळायचा. त्याची जागा डिफेन्सिव्ह मिडफिल्डरची. बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, समोरच्यांची चढाई मधेच तोडायची, आणि चेंडू मिळाला की आपल्यातल्या जो मोकळा असेल त्याला देऊन पुन्हा जागेवर यायचं. गोल करणं हे त्याचं काम नव्हे, गोल अडवणं हेही पूर्णपणे त्याचं नव्हे. मी एकदा म्हटलं होतं, "म्हणजे तू वाक्यातला स्वल्पविराम." तर म्हणाला, "ए, तुझं ग्रंथालय मैदानात आणू नको." गुडघ्याने दगा दिल्यावर खेळणं सुटलं, पण बघणं सुटलं नाही. आणि बघायची त्याची पद्धत अशी, की हात लांब करायचा आणि तळव्याने चेंडू झाकायचा. चेंडू सरकेल तसा तळवा सरकवायचा. चेंडू दिसला की डोळे त्याच्या मागे पळतात, मग त्या जागेवरचा खेळाडू काय करतोय ते कधीच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. घरी टीव्हीवर सामना लागला तरी हेच. आई तेव्हा होती. मालवणीखेरीज एक शब्द न बोलणारी आमची आई मागच्या खाटेवरून ओरडायची, "मेल्या, हात खाली कर, माका काय दिसणा नाय." दादा हात न काढता म्हणायचा, "तुका दिसण्यासारखा काय नाय गो. बॉल गेलो बाहेर."

गेली काही वर्षं तो कांदिवलीच्या मैदानावर मुलींच्या संघाचे सामने बघायला जायचा. त्या संघाचे प्रशिक्षक परेरा सर, मरोळचे, दादाचे जुने सोबती. एकाच संघात खेळलेले, आयुष्यभर एकमेकांची टर उडवत आलेले. दादा कधीच बाजूच्या रेषेवर उभा राहायचा नाही. गोलच्या मागे सिमेंटची एक पायरी आहे, तिथे बसायचा. सामना संपला की मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्याभोवती यायच्या आणि तो प्रत्येकीला तिचं तिचं सांगायचा. गोड बोलायचा नाही. "तू आज पाच वेळा चेंडूकडे धावलीस, पाचही वेळा दुसरी कुणी आधीच धावत होती," असं काहीतरी. त्या मुली त्याचं बोलणं परेरा सरांच्या बोलण्याइतकंच मानायच्या. सगळ्यांत शेवटी राहायची ती सहा नंबरची मुलगी, त्याच्याच जागेवर खेळणारी. तिला तो फक्त "चल, आई वाट बघतेय" म्हणायचा. कारण ती जुई होती, त्याची लेक.

जुईला हे फार लागायचं. शाळेत होती तेव्हापासून. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "सगळ्यांचं बघतोस, माझंच का नाही रे?" दादा म्हणाला, "बापाने चांगलं म्हटलं तर खोटं वाटतं आणि वाईट म्हटलं तर जखम होते. तुझं परेरा बघेल." त्यावर ती पोरगी पटकन बोलून गेली, "मग मी काय, अनाथ खेळू?" वहिनी तिच्यावर डाफरल्या. दादा नुसता हसला. तो ‘अनाथ’ शब्द मला या आठवड्यांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

मग दादाचा दम कमी व्हायला लागला. आम्हाला ते उशिरा कळलं, कारण त्याने ते कळू दिलं नाही. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या जिन्याच्या वळणावर सोसायटीचा फळा आहे. जन्मात कधी सोसायटीची नोटीस न वाचलेला दादा तिथे थांबून पाण्याच्या टाकीची सफाई नि गच्चीच्या किल्ल्या असलं सगळं वाचत बसायचा. मी एकदा विचारलंही, "एवढं काय आहे त्यात?" तर म्हणाला, "नागरिकाने जागरूक असावं." फुप्फुसांचं दुखणं निघालं तोवर बरंच पुढे गेलं होतं. मैदान सुटलं, नाकाशी नळी आली, आणि खिडकीजवळची आरामखुर्ची त्याची झाली.

त्याच दिवसांत जुईचा संघ उपांत्य सामना हरला. एका गोलने, अगदी शेवटी. चेंडू मधून सरळ आत गेला आणि मधे जिने असायला हवं ती जुई तिथे नव्हती. मैदानावर लोक बोललेच. "सहा नंबर कुठे होती? अख्ख्या मॅचमध्ये दिसलीच नाही." परेरा सर घरी आले. पुढच्या स्पर्धेत जुईला बसवावं की ठेवावं हे त्यांचं ठरत नव्हतं. दादाला म्हणाले, "तू एकदा बघ यार. बाप म्हणून नको, सहा नंबर म्हणून बघ." दादा म्हणाला, "मी मैदानावर नव्हतो." तेवढ्यात आतून जुई आली आणि म्हणाली, "रेकॉर्डिंग आहे."

तो रविवार. आमची ती शेवटची भेट ठरेल हे कुणाला माहीत होतं? जुईच्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी अख्खा सामना मोबाइलवर घेतला होता, तो तिने टीव्हीवर लावला. परेरा सरही बघायला बसले. दादाने हात लांब केला. थोडा वेळ टिकला, मग थरथरायला लागला. त्याने डाव्या हाताने कोपराला आधार दिला. तरी हात खाली येऊ लागला. मग जुई उठली, टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने आपलाच तळवा काचेवर ठेवला. चेंडू सरकेल तसा तळवा सरकवू लागली. ती इतकी जवळ होती की तिला स्वतःला चेंडूपलीकडे काही दिसत नसणार. दादा खुर्चीत मागे टेकून बघत होता. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मला खेळातलं फार कळत नाही, पण त्या दिवशी चेंडू दिसत नसल्यामुळे मलाही प्रथमच ती दिसली. पडद्यावरची लहानशी जुई सारखी खांद्यावरून मागे बघत होती, दोन पावलं इकडे, चार पावलं तिकडे, हाताने कुणाला तरी जागा दाखवत. कुणीतरी आवरत असलेल्या घरासारखं होतं ते.

"थांबव," दादा म्हणाला. जुई वळली, पण काचेवरचा हात तिने काढला नाही.

"पहिला अर्धा तास फार चांगली खेळलीस. त्यांची ती दहा नंबरची पोरगी वैतागून पंचांशी भांडायला लागली, ती तुझ्यामुळे. तिला वळायला जागाच दिली नाहीस. लोकांना तू दिसली नाहीस, हे बरोबरच आहे." तो दम घ्यायला थांबला. "पण शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तू दमली होतीस. आणि दमलेला खेळाडू चेंडूमागे धावतो, कारण धावताना निदान दिसतो तरी. तू चेंडूमागे डावीकडे गेलीस, मधली जागा उघडी पडली. तो गोल तुझा."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "अहो, हे आजच बोलायचं होतं का?"

"दमणं हा गुन्हा नाही," दादा जुईलाच सांगत होता. "हात वर करायचा, बाहेर यायचं. लपवायचं नाही. मला विचार. तो नोटीस बोर्ड तोंडपाठ झालाय माझा."

मला वाटलं, आता जुई रडेल. ती म्हणाली, "दहापैकी किती?"

"साडेसहा."

"साडेसहाच?"

"परेराने मला कधी सहाच्या वर दिले नाहीत." परेरा सर खुर्चीतून म्हणाले, "सहा पण दोस्ती म्हणून दिले रे." दादा हसला आणि खोकला, आणि जुईने काचेवरचा हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला. मी निघाले तेव्हा ती स्वयंपाकघरात वहिनींना सांगत होती, "आई, साडेसहा म्हणजे त्याच्याकडून खूप आहेत, तुला माहीत नाही." तिचा आवाज इतका हलका मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. परेरा सरांनी तिला संघात ठेवलं. दादा त्यानंतर काही दिवसांतच गेला.

गेल्या रविवारी तिचा सामना होता. वहिनी अजून कुठे जात नाहीत, म्हणून मी गेले. गोलमागच्या त्या पायरीवर बसले. खाली वर्तमानपत्र अंथरायचं असतं, हे मला बसल्यावर कळलं. बरोबरी चालू होती. जुई खेळत होती, आणि मी चेंडूकडेच बघत होते, माझे डोळे अजून तयार झालेले नाहीत. सामना संपायला बराच अवकाश असताना तिने मधेच हात वर केला. परेरा सरांनी दुसऱ्या मुलीला आत पाठवलं. माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "अरे, बरी तर खेळत होती." जुई सरळ चालत गोलच्या मागे आली. केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला. मी तिला जागा द्यायला सरकले, ती थोडी पलीकडे बसली आणि आमच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा तशीच राहिली... तिने पाणी प्यायलं. बाटली खाली ठेवली. मग उजवा हात लांब केला, बोटं मिटली, आणि तळवा हळूहळू सरकवत म्हणाली, "आत्या, बघ, ती नवीन मुलगी डावीकडे ओढली जातेय."

तिचा हात नेमका माझ्या डोळ्यांच्या आड येत होता. मला आईसारखं म्हणावंसं वाटलं, हात खाली कर, मला काही दिसत नाही. मी म्हटलं नाही.