पाळण्यावरची लाल पाटी

आज ह्यांचं वर्षश्राद्ध, आणि मी सकाळपासून हसतेय.

संत तुकाराम नगरातल्या बायकांनो, लगेच नावं ठेवू नका. आधी ऐका.

माझी शाळा चौथीपर्यंतच. मी फोनमध्ये बोलते, तो लिहितो. काही चुकलं तर फोनला बोला.

आमचे हे चाकणच्या कंपनीत पॅनल बनवायचे. पॅनल म्हणजे मशीनचं लोखंडी कपाट, आत नुसतं वायरींचं जंगल.

ह्यांचा नियम एकच. शेवटची वायर कसल्याशिवाय करंट द्यायचा नाही.

अर्धवट पॅनलवर एक लाल पुठ्ठ्याची पाटी लटकवायचे. वर लिहिलेलं, काम चालू आहे. खाली, करंट देऊ नये.

रिटायर झाले तेव्हा लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. आमचे हे ती पाटी घेऊन आले.

तर आमची थोरली, अश्विनी, माझ्याकडे बाळंतपणाला आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली.

एवढंसं पोर. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी किती देव पाण्यात ठेवले ते सांगत बसत नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूची वाढ अजून चालू आहे, जपा.

झालं. ह्यांनी घरी येऊन पाळण्याला लाल पाटी अडकवली.

कुणी बोलायचं नाही. हात लावायचा नाही. टीव्ही बंद. अंगाईसुद्धा नाही. शेजारच्या बायका बाळ बघायला आल्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं.

अश्विनी दूध पाजायची तेवढ्यापुरती सूट.

स्वतः तर लांब खुर्चीवर बसून राहायचे. म्हणायचे, आत वायरिंग अर्धं आहे, उगाच करंट गेला तर जळेल.

ह्यांचं हृदय तेव्हाच कुरकुर करायला लागलं होतं. मला एकच घोर लागलेला, हा माणूस नातवाला मांडीवर न घेताच जायचा.

रविवारी धाकटी आली, केतकी. ती पुण्यात लॅबमध्ये उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवते. मी नातेवाइकांना नुसतं सांगते, सायन्समध्ये आहे.

पाटी बघून आधी खूप हसली. मग बापाचं तोंड बघितलं आणि त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, मेंदूत उलटं असतं. वायरिंग पूर्ण व्हायच्या आधीच करंट सुरू होतो."

"आणि जळत नाही?"

"करंटमुळेच वायरिंग होतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. जसं काही मीच पोरीला बिघडवलंय.

मग तिने मोबाईलवर आपल्या बशीतल्या पेशींचा व्हिडिओ लावला. काळोखात हिरवे ठिपके. एक लुकलुकला, मग दुसरा, मग पाच-सहा एकदम.

म्हणाली, करंट आला की पेशीची बारीक दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. आम्ही आत एक रंग घातलेला असतो, तो तेव्हा चमकतो.

कॅल्शियम ऐकल्यावर मी उठलेच, अश्विनीची नाचणीची पेज दुप्पट करायला.

तर म्हणे, आई, बस खाली. हे खाऊन वाढवायचं नसतं. पेशीच्या बाहेर असतंच ते, थोडंसंच आत जातं आणि निरोप देतं. इकडे फांदी काढ, तिकडची आवर. ज्या पेशी एकमेकींशी बोलत राहतात त्यांची जोडणी पक्की होते. गप्प राहिलेल्या सुटतात.

हे म्हणाले, "स्विच कोण दाबतं?"

"सुरुवातीला कुणीच नाही, बाबा. पोटात असतानाच आपोआप चालू होतं. पुढे मग आपण. बोलणं, जवळ घेणं."

"आपलं बाळ ठीक होईल ना?"

"ते माझी बशी बघून नाही सांगता येणार. ते डॉक्टर बघतील. टीव्ही बंदच ठेवा, पण तुम्ही बोला त्याच्याशी."

ह्यांनी चष्मा पुसला आणि तो व्हिडिओ परत लावायला लावला. परत, अजून परत. मग उठले आणि माझी शिवणाची कात्री घेतली.

पाटीचा खालचा अर्धा भाग कापून टाकला. करंट देऊ नये, तेवढाच.

वरचा पाळण्यावर तसाच ठेवला.

मग पोराला मांडीवर घेतलं. काय बोलावं सुचेना, तर म्हणतात कसे, "हा लाल फेज, हा पिवळा, हा निळा. काळा न्यूट्रल. हिरव्याला विसरायचं नाही, ते अर्थिंग."

पोर झोपलेलं. हे आपले सांगतायत.

त्या दिवसापासून रोज. लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

मी एकदा म्हटलंच, मलाही कधी दिला असता थोडा करंट.

तर म्हणाले, "तुझं वायरिंग माहेराहूनच पूर्ण होऊन आलेलं."

असे होते हो.

पोराचं नाव ईशान ठेवलं. ह्यांच्या मांडीवरच ते बसायला शिकलं. मग एक दिवस हे जेवून दुपारी पडले ते उठलेच नाहीत. हातात नातवाचा खुळखुळा होता.

आता ईशान घरभर पळतो, कुणाला कळणार नाही असली बडबड करतो. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान आहे, उगाच चकरा मारू नका.

आज फोटोला हार घातला, शेजारी ती अर्धी पाटी ठेवली. गुरुजी मंत्र म्हणत होते. ईशानने पाटी उचलली, गुरुजींच्या मांडीवर ठेवली आणि त्यांना काहीतरी लांबलचक समजावून सांगायला लागला. गुरुजी थांबले. आम्ही सगळे हसलो.

अहो, मोठे शब्द मला येत नाहीत. इथूनच पाया पडते.

पोराशी आम्ही बोलतोय. तुम्ही निवांत राहा.