फोडणीच्या सीनमधली एक ओळ

कदमबाईंचं नाव मी त्या मीटिंगमध्ये घेतलं, तेव्हा क्लायंटकडच्या रिया मॅडमनी विचारलं, "या कोण? तुमच्या सीनियर?"

"म्हसवडच्या शाळेत मला मराठी शिकवायच्या," मी म्हणालो. "सारांशलेखनात जादा विशेषण दिसलं की खोडायच्या. म्हणायच्या, उताऱ्यात आहे तेवढं लिही. तुला काय वाटलं, ते परीक्षकाने विचारलेलं नाही."

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. बाईंनी शिकवलेल्या त्या एका गोष्टीवर आज माझं पोट चालतं, हे मी कुठेही सांगतो.

माझं काम ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिण्याचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, पडद्यावर काय चाललंय ते संवादांच्या मधल्या जागेत थोडक्यात सांगायचं. 'ती दार लावते.' 'तो फोटोकडे बघतो.' 'ती दुःखाने दार लावते' असं लिहायचं नाही. दुःख प्रेक्षकाने आपलं आपण ओळखायचं.

आमचं ऑफिस महापेला. मराठी डेस्क नवीन, आम्ही तिघंजण आणि हा पहिला मोठा सिनेमा. फाइल रिजेक्ट झाली तर डेस्क बंद, ही आठवण आमचे बॉस देसाई सर रोज चहाच्या वेळी करून द्यायचे.

सिनेमा एका घराचा आहे. मुलगा अपघातात गेलाय. मागे आई, वडील आणि सून. आपल्याकडे सुतकात फोडणी देत नाहीत. या घरात तेरावा होऊन कित्येक महिने झाले, तरी फोडणी पडलेली नाही. तसं कोणी ठरवलेलं नाही. बेचव आमटी वाढली जाते, गुपचूप खाल्ली जाते. दिग्दर्शक त्यावर एक शब्द खर्च करत नाही, फक्त ताटं दाखवतो.

मग एका दुपारी वडील अंगणात मुलाची मोटारसायकल पुसत बसलेत. कॅमेरा त्यांच्यावरून हलत नाही. आतून मोहरी तडतडल्याचा आवाज येतो. फडकं थांबतं. मिरचीचा धूर अंगणापर्यंत येतो आणि वडिलांना ठसका लागतो. आतल्या खोलीत आई खोकायला लागते. स्वयंपाकघरात सून. तिघं तीन ठिकाणी खोकतात आणि त्या खोकल्यातच इतक्या महिन्यांचं रडून घेतात. कोणाला कोणासमोर रडावं लागत नाही. कामासाठी हा सीन मी कितीतरी वेळा पाहिला. दर वेळी हेडफोन काढून पाणी प्यायला उठलो.

तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. जवळजवळ मिनिटभराची जागा मोकळी. एवढी मोकळी जागा क्लायंटच्या गाइडलाइनमध्ये बसत नाही, म्हणून सॉफ्टवेअरने ती लाल केली.

"एक ओळ टाक आणि विषय संपव ना," देसाई सर म्हणाले.

"सर, मोहरीवर आवाज पडेल."

"मोहरी काय हिरोईन आहे का?"

"या सीनमध्ये आहे."

त्या मीटिंगला रिया मॅडमनी ओळ तयारच आणली होती. 'आत सून बऱ्याच महिन्यांनी फोडणी देते. तिघंही मनातलं दुःख मोकळं करतात.'

"नाहीतर कन्फ्यूज होतील ना ते," त्या म्हणाल्या. "हे सगळे का खोकतायत, कळणारच नाही."

"मग त्यांनाच विचारू," मी म्हणालो.

आमच्या रिव्ह्यू पॅनलवर म्हात्रे वकील आहेत. मूळचे तळवलीचे, प्रॅक्टिस बेलापूरला. जन्मापासून दिसत नाही. दोन दिवसांनी ते आले आणि सिनेमा सुरुवातीपासून ऐकायला बसले. शेजारी रिया मॅडम, मागे देसाई सर.

मोहरी तडतडली तशी वकिलांनी मान वर केली. खोकले आले, थांबले. मी फाइल पॉज केली.

"फोडनी परली यांच्या घरान," ते हळूच म्हणाले. मग आवाज नेहमीचा झाला. "सुनेने दिली ना?"

"कसं ओळखलंत?" रिया मॅडमनी विचारलं.

"म्हातारा अंगणात खोकला, म्हातारी खोलीत. राहिलं कोण? मांजर?"

मग मी मॅडमची ओळ घातलेला सीन लावला. वकील ऐकता ऐकता हसायला लागले.

"मॅडम, साक्षीदार तोंड उघडायच्या आधी तुम्ही निकाल वाचून मोकळ्या. मोहरी माझ्यासाठी वाजत होती, ती तुमच्या आवाजाखाली गेली."

देसाई सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी जिंकलो होतो.

"तुम्ही हसू नका, जाधव," वकील माझ्याकडे वळून म्हणाले. "खोकला थांबल्यावर म्हातारा काय करतो?"

मी म्हणालो, "गाडी पुसायच्या फडक्याने तोंड पुसतो. गालाला ग्रीस लागतं."

"मुलाच्या गाडीचं ग्रीस?"

"हो."

"याला आवाज आहे?"

"नाही."

"मग हे मला कोण सांगणार?"

रिया मॅडमनीच लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी तिथेच टाइप केलं, 'गाडी पुसायच्या फडक्याने वडील तोंड पुसतात. गालावर ग्रीसचा काळा डाग.' बाकी मिनिटभर शांतता तशीच ठेवली. लाल खुणेपुढे मॅडमनी स्वतः 'अप्रूव्ह्ड' लिहिलं. डेस्क चालू आहे. आता आम्ही चौघं आहोत.

त्या आठवड्यात बाईंना पत्र टाकलं.

ती. बाईंना सा. न.

सिनेमाचं काम पार पडलं. काय गाळायचं ते मी तुमच्याकडून शिकलो. गाळलेल्यातलं काय परत घ्यायचं, ते इथल्या एका वकिलांनी शिकवलं. मार्क दोघांत निम्मे-निम्मे करावे लागतील, रागावू नका.

सिनेमा पुढच्या महिन्यात टीव्हीवर येईल. ऑडिओ डिस्क्रिप्शन कसं लावायचं, ते तुमच्या मुलाला फोनवर सांगतो. एकदा डोळे मिटून ऐका. मध्ये एका जागी मी बराच वेळ काही सांगत नाही. टीव्ही बिघडला असं समजून रिमोट हातात घेऊ नका. आत स्वयंपाक चालू आहे.

आपला विद्यार्थी,
संतोष जाधव