काजळ लावलेला गुडघा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंगणीच्या मैदानावर कबड्डी खेळताना माझ्या डाव्या गुडघ्यातली लिगामेंट तुटली. सूज उतरली, पण शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून उतरताना मांडी एकीकडे जायची आणि नडगी भलतीकडे. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, मांडीमागची नस काढून चार पदरी करू, हाडांत भोकं पाडून आत ओवू. बाज विणण्याइतकं सोपं वाटलं मला!

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डाव्या नडगीवर पेनानं बाण काढला. सकाळी अंग पुसताना आईनं तो मळ समजून घासून टाकला. वर उजव्या गुडघ्यावर काजळाचा टिपका लावला. "हा धड हाय. याले कोनाची नजर नाई लागली पाह्यजे." नजर चांगल्यालाच लागते, फुटक्याकडे कोण बघतं? मलाही पटलं.

पाठीत इंजेक्शन दिलं आणि कमरेखाली मी संपलो. छातीपुढे लावलेल्या पडद्यापलीकडे कुणीतरी एक पाय उचलला. कोणता, ते कळेना. मला दोन्ही पाय हवेत दुमडलेले वाटत होते.

"खूण उजवीकडे आहे," पलीकडून आवाज आला.

मी "डावा, डावा" असं ओरडलो. बहुतेक नुसतं मनात. झोपेचं औषध चढलं होतं, जीभ हलेना.

जाग आली तेव्हा मान उचलायची मनाई होती. चादर सपाट होती आणि तिच्याखाली माझे पाय अजून हवेतच दुमडलेले होते. उजवा कापला असेल तर उभा कशावर राहणार? आईला सगळं सांगितलं. तिनं चादर उचलली.

"दोन्हीले पट्ट्या हायेत रे," ती म्हणाली. डॉक्टर निघून गेले होते. नर्सला विचारलं, तर ती आत्ताच ड्यूटीवर आलेली.

आम्ही वाट पाहत राहिलो. अंधार पडता पडता डाव्या गुडघ्यात आधी ऊब आली, मग ठणका. असा ठणका, की मी खाटेची कड घट्ट धरली. उजव्यात नुसत्या मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, कापण्याआधी ते नडगी पुढे ओढून बघतात. उजवी जागची हलली नाही, म्हणून हत्यार खाली ठेवलं आणि डावा पाय घेतला. उजव्याची पट्टी फक्त रक्त गोठू नये म्हणून होती. पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक? मी कण्हत होतो, आणि मला साधा काटा टोचला तरी कासावीस होणारी माझी आई हात जोडून म्हणत होती, "दुखू दे रे बापा, चांगलं दुखू दे."