सूर जिथं थांबले नव्हते

चिकोडीला भाचीच्या साखरपुड्यात पंगत बसली होती, तेव्हा सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझा मित्र वसंत याची थोरली मुलगी. "काका, आप्पा गेले," एवढंच म्हणाली. मग तिच्या नवऱ्यानं फोन घेतला. वसंत सकाळी सायकलवरून सूत आणायला शहापूरला निघाला होता, मागून टेम्पो आला. ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, "मी हॉर्न दिलोय, तीनदा दिलोय." दिलाही असेल. वसंताला तो ऐकू येणं शक्य नव्हतं... आणि त्यात माझाही वाटा होता. दीड महिना झाला. लिहून मोकळं व्हावं म्हणून बसलोय, पण मोकळं होता येईल असं वाटत नाही.

वडगावात त्याच्या घरी पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग. सोळाव्या वर्षापासून तो त्या खडखडाटात उभा. व्हायोलिन मात्र भजनी मंडळात शिकला. मी हायस्कुलात शिक्षक, भजनात पेटी वाजवायचो. आमची गाठ तिथंच पडली. आमच्या शाळेतले एक गोवेकर सर निवृत्त होताना मला एक कॅसेट देऊन गेले. वर फक्त लिहिलेलं, 'व्हायोलिन कंचेर्टो, डी मायनर'. वाजवणारा कोण, काही नाही. मी ती वसंताला दिली. लाईट गेली की माग थांबायचे आणि वसंत सेलवरचा टेप लावायचा. एकटं व्हायोलिन पुढं, सगळा वाद्यवृंद मागं. पहिला भाग द्रुत, षड्ज पेटीच्या पांढरी दोनचा, गंधार-धैवत-निषाद कोमल. नुसती धावपळ, कुणीतरी पाठीस लागल्यासारखी. मधला भाग मात्र संथ, आणि तिथं षड्जच बदलून पांढरी चारवर गेलेला. वसंतानं हे दुसऱ्या ऐकण्यातच ओळखलं. "घर बदललं रं ह्या मानसानं," तो म्हणाला. "सगळं सूर शुद्ध हाईत, एक कोमल न्हाय. मग रडू कसं येतंय?" त्यानं तो संथ भाग कानानं ऐकून ऐकून हातात बसवला.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्यानं व्हायोलिनची वरची तार बदलली. महिन्याभरात पुन्हा बदलली, मग तिसऱ्यांदा. "तारा हलक्या येत्यात आता, आवाजच न्हाय," म्हणायचा. मला तर ती तार चांगली वाजताना ऐकू येत होती. एका दुपारी लाईट गेलेली, आम्ही टेप ऐकत होतो. संथ भागात शेवटाकडं व्हायोलिन एकटंच हळूहळू वर चढतं, इतकं वर की श्वास घ्यायची भीती वाटते. तिथं वसंतानं डोळे उघडले. "इथं ह्यो थांबतोय न्हवं? काय थांबलाय बघ!"

व्हायोलिन वाजत होतं.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. इतका आनंद होता त्यावर... "व्हय," मी म्हणालो. "थांबलाय."

या एका होकारासाठी मी स्वतःला क्षमा केलेली नाही. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं असतं, निदान कानात कापूस घाल म्हटलं असतं, तर उरलेलं वाचलं असतं. तो आणखी तीन वर्षं मागापुढं तसाच उभा राहिला. मी दर आठवड्याला जात होतो आणि गप्प होतो.

कॅसेट झिजायला लागली म्हणून सुनंदानं ती मोबाईलवर उतरवून घेतली. मी तिथंच होतो. ऐकता ऐकता ती म्हणाली, "आप्पा, इथं किती वर गेलंय व्हायोलिन!" वसंतानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मी तितं थांबत आलोय रं इतकी वर्सं. मंडळात वाजवतानासुदीक. त्याच्याकडनंच शिकलो म्हनून." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं, मागांच्या आवाजानं वरचे सूर आधी गेलेत, परत येणार नाहीत, खालचेही जातील. पाच महिने तो माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस सुनंदा घरी आली. "आप्पांनी पेटी घेऊन बोलावलंय."

त्याला ते हरवलेले सूर हवे होते. मी मोबाईल कानाला लावून एकेक सूर धरायचो आणि पेटीवर दोन सप्तकं खाली वाजवून दाखवायचो. तो पेटीला कान टेकून ऐकायचा, मग व्हायोलिनच्या जाड तारेवर उमटवायचा. "अजून हळू," म्हणायचा. मिनिटाभराचा तुकडा, त्याला अख्खा पावसाळा गेला. एकदा मधेच गज खाली ठेवून त्यानं माझं मनगट गच्च धरलं. "एवढं सगळं वाजत हुतं तितं? आनि मी बसलोतो शांतता ऐकत?" तो रडला. मीही. तुकडा बसला अखेर, पण खाली, जमिनीलगत. वरचं कधीच त्याच्यापर्यंत पोचलं नाही. वर्षभरात खालचेही सूर गेले आणि त्यानं व्हायोलिन पेटाऱ्यात ठेवून दिलं.

परवा वडगावला गेलो होतो. माग बंद होते. वसंताची बायको स्वयंपाकघरातून दारात आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून ओरडली, "चा ठेवू काय?" आतून सुनंदा तितक्याच मोठ्यानं ओरडली, "साखर कमी घाल, आई!" वसंतासाठी चढवलेला आवाज अजून तसाच होता, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. मी मान हलवली. मग मलाही, उगीचच, घसा ताणून सांगावंसं वाटलं... आणि मी सांगितलं, "ठेवा वैनी, ठेवा!"