घरचा भात

"जवारीच्या कण्या वाढता काय आमाले? नवरदेवाकडची मानसं हाओ आमी! भात आना, भात!"

माझे व्याही पानावरून ओरडत होते. माझ्या मुलीच्या लग्नाची पंगत, भातकुलीजवळचं आमचं गाव, लढाईचे दिवस. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेला. आणि आम्ही पडलो ज्वारीची माणसं. भात सणाला, पाहुण्याला, नाहीतर तापकऱ्याला. मी ऐटीत परात बाहेर काढवली. वाफाळता, वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात! त्या वासानं अमरावतीची कुत्री धावत आली असं मी पुढे सांगत असे. ते खोटं. पण त्यानंतर जे बोललो, ते खोटं होतं हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आता थकलो — म्हणून तुम्हाला सांगतो.

व्याह्यांनी विचारलं, "कुठून पैदा केला?"

भंडाऱ्याकडच्या एका ओळखीच्यानं दिला होता. तेवढंच सांगायचं की नाही? काय बिघडलं असतं? मी म्हणालो, "आनाचा काहून? घरचा हाय. खालच्या वावरातला."

मग जीभ सुटलीच. बांध घातला, पाणी अडवलं, धान छातीला लागलं, बगळ्यांना उतरायला जागा उरली नाही — पंगत हसली. माझ्या बोलण्यातून बारा आणे वजा करायची सवय साऱ्या गावाला होती. एक माणूस हसला नाही. गणपतराव, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, अकोल्याकडचे. ते एक शीत बोटांत धरून बघत बसले होते.

सकाळी निघताना त्यांनी बियाणं मागितलं. तेव्हा तरी सांगायचं होतं मी. नाही? — मी भंडाऱ्याहून गुपचूप धान मागवलं आणि घरचं म्हणून दिलं. रोपांची रोवणी कशी करायची तेही शिकवलं. मी! ज्यानं धानाचं शेत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांनी ज्वारीचं चांगलं वावर त्यासाठी मोडलं. मृग बरा गेला, मग उघडीप पडली. काळ्या मातीला भेगा गेल्या — हात कोपरापर्यंत जाईल अशा, हे वाढवून सांगत नाही. धान उभ्याउभ्या पिवळं पडलं. त्या वर्षी त्यांच्या घरात ज्वारीचा दाणा आला नाही. माझी बहीण दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं निंदायला गेली. मी बैलबंडीभर ज्वारी पाठवली, तर ती गावभर सांगत सुटली, दादानं तारलं. मी ते ऐकून घेतलं. ऐकायला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पण एवढ्यावर थांबतं तर मी आज लिहिलंही नसतं.

मी अकोल्याकडे गेलो. गणपतरावांचे भाऊ वावरात उभे होते. थोरल्यानं विचारलं, "तुमच्याकडं आला धान, मंग इथंच काहून नाही आला?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. गणपतरावही. — किती सोपं होतं ते! मी बांधावरून चाललो, ढेकूळ उचललं, चुरगाळलं, जाणत्यासारखी मान हलवली. आणि म्हणालो, "बांध कच्चा ठेवला. रोप उशिरा लावलं. गणपतराव पाहुन्यायचा हात नाही या कामाचा."

त्या दिवसापासून त्या एकत्र घरात पेरणीचं गणपतरावांना कुणी विचारलं नाही. नुसत्या मातीच्या वासावरून पेरणीचा वाफसा ओळखणारा माणूस तो. भाऊ सांगतील तिथं तिफण धरायला लागला. मरेपर्यंत. मला ते दर वर्षी दिसत होतं. दर वर्षी मी त्यांच्याकडे जेवलो.

मी ते बोललो त्याच संध्याकाळी गणपतराव मला सडकेपर्यंत पोचवायला आले, माझी पिशवी त्यांच्याच हातात. बंडी दिसली तेव्हा मी विचारलं — का विचारलं, कुणास ठाऊक — "राग आला काय, पाहुने?"

"राग कायचा, दादा? चुकलं ते माह्याच हातानं चुकलं."