कौमुदीनं मत लिहिलं

बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या नीलकंठरावांच्या कौमुदीला दोनदा साडेपाच पडले, आणि दोन्ही वेळा नीलकंठराव एकच बोलले, "तपासणाऱ्याले इंग्रजी येत नाही."

परीक्षा होती परदेशात शिकायला जाणाऱ्यांच्या इंग्रजीची. ऐकणं, वाचणं, बोलणं, तिन्हींत पोरगी पुढं. लिहिण्यात मात्र दोन्ही खेपेला आपटली. आयर्लंडच्या एका कॉलेजानं जागा देऊन ठेवली होती, पण लिहिण्यात नवापैकी साडेसहा पाहिजेत, आणि तेही जून संपायच्या आत. वय एकतीस. खाजगी कॉलेजात आठ वर्षं केमिस्ट्री शिकवून तिचा जीव विटला होता. तिसरा पेपर नऊ जूनला. तो हुकला की जागा दुसऱ्याची.

घरात इंग्रजीचा दुष्काळ होता म्हणाल तर तसंही नव्हतं. पूर होता पूर. नीलकंठराव चौतीस वर्षं सरकारी ऑफिसात बाबू. भोपाळपासून तुटून नवं राज्य झालं, तिथल्या फायली ट्रकनं आल्या, तेव्हा त्या लावणारे हेच. साहेब आले नि गेले, मसुदा मात्र यांच्या हातचा. मुलगी संध्याकाळी निबंध लिही, आणि जेवणाआधी राव तो सुधारत. सुधारणं कसं? आधी तीन ओळी अदबीच्या. मग एका बाजूचं म्हणणं, मग दुसरीचं, तराजूत तोलल्यासारखं. शेवटी, वरिष्ठांनी योग्य तो निर्णय घ्यावा. बाबू कधी मत देत नसतो. बाबू टिपण ठेवतो, मत साहेबाचं.

शंकर नगरात शर्मिष्ठा मॅडमचा क्लास होता. बाई मूळची अकोल्याची. शिकवायची मन लावून, पण तोंड असं की मिरची बरी. तिनं कौमुदीचा निबंध सगळ्यांदेखत उचलला.

"हा निबंध हाय का अर्ज? मोठ्या शहरात खाजगी गाड्या बंद कराव्या का, तुम्ही किती सहमत, असं विचारलं. तू काय लिहून राहिली? फायदे हाय, तोटे हाय, शासनानं पाहावं. शासनाले कोणी विचारलं वो? तुले विचारलं!"

पोट्टे खिदळले.

"पहिल्याच परिच्छेदात मत. मग एका परिच्छेदात एक कारण, त्याले एक उदाहरण. हे लांबलचक शब्द फेकून दे. कोण शिकवते तुले हे?"

"बाबा."

"मग पुढच्या वेळी बाबालेच बसव पेपरले."

कौमुदीची चूक एवढीच, की घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राव इस्त्रीचा शर्ट घालून, वही बगलेत मारून निघाले. मुलगी स्कूटरवर मागं बसली, तोंडाला ओढणी बांधून. ऊन तर होतंच, पण लाज जास्त होती.

क्लासात पोचताच राव उभ्याउभ्याच बोलू लागले. "मॅडम, चौतीस वर्षांत माझ्या मसुद्यातला एक शब्द कोणी काटला नाही. तुम्ही अर्धं पान काटलं."

"बसा ना काका. सांगा, काय पाहिजे तुम्हाले?"

"त्याचं असं आहे, की विषयाची पार्श्वभूमी पाहता..."

"दोन वाक्यांत सांगा."

"दोन वाक्यांत सरकार चालत नाही!"

"मी सरकार चालवून नाही राहिली. पोरीले साडेसहा मिळवून देऊन राहिली."

"ती अजून लहान आहे. तिनं मत देणं शोभते का?"

"एकतीस वर्षांची हाय ती!" मॅडमनं वही टेबलावर आपटली. "मत नसलं तर तिकडं मार्क नाही. जा, घेऊन जा हिले घरी, नाहीतर हिच्या वहीतून हात काढा."

दोघंही कौमुदीकडे बघत राहिले. ती कोणाच्याच बाजूनं बोलली नाही.

परतताना पंडरीच्या सिग्नलवर राव म्हणाले, "मुकी होती का तू? बापाचा अपमान पाहत राहिली."

"अपमान माझा झाला बाबा, दोघांनीही केला," कौमुदी म्हणाली. "वही आता मी दाखवणार नाही."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी रावांची स्कूटर जागची हलेना.

त्या दिवसापासून अबोला. राव भिंतीशी बोलत: "या घरात चहा भेटते का?" भिंतीच्या वतीनं कौमुदी चहा ठेवी. आणि खोलीत बसून मत शोधी. सापडता सापडेना. कॉलेज कोणतं, साडी कोणती, आलेल्या स्थळांना नाही कसं कळवायचं, सगळं आजवर 'बाबा म्हणतील तसं'. पहिले चार निबंध मॅडमनं फेकून दिले. "हे मत नाही, हे घाबरणं हाय. पुन्हा लिही." पाचव्यावर काहीच बोलली नाही. तिच्या लेखी हीच शाबासकी.

नऊ जूनला एका हॉटेलच्या हॉलात पेपर झाला. पहिला प्रश्न, आलेखाचं वर्णन, आटपला. निबंधाचा प्रश्न होता, सरकारनं नवी शहरं वसवावीत की जुनी नीट करावीत? कौमुदीचा हात सवयीनं चालू लागला, "दोन्ही बाजूंना तथ्य आहे." तिनं खोडरबर घेऊन ती ओळ पुसली, कागद फाटायला आला इतकी. आणि लिहिलं, जुनी आधी नीट करा. का, तर लोक तिथं आज राहतात. उदाहरण आपल्याच गल्लीचं दिलं: ॲम्बुलन्स आत शिरत नाही, शेवटच्या आजारात आईला खाटेवर घालून नाक्यापर्यंत न्यावं लागलं होतं. मोठा शब्द एकही नाही. डोळे भरले, पण वेळ सातच मिनिटांचा उरला होता, म्हणून रडणं राहून गेलं आणि तिनं क्रियापदं तपासली.

तेरा दिवसांनी निकाल आला. लिहिण्यात साडेसहा.

राव पेपर वाचत बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली. "साडेसहा मिळाले. सप्टेंबरमध्ये मी जाते."

"नवापैकी साडेसहा," राव भिंतीला म्हणाले. "आमच्या काळी याले पास म्हणत नव्हते."

"तिकडं म्हणतात."

"आणि इथं कोण पाहील?"

"शेवंताबाई दोन्ही वेळ येईल स्वैपाकाला. बोलून ठेवलंय."

"ठेवलंय!" पेपर खाली आला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि नजर काही मऊ नव्हती. "जा. पण मोहल्ल्यात कोणाले सांगू नको, की बाबाले विचारून चालली."

"विचारलंच कुठं बाबा," कौमुदी म्हणाली. "सांगून राहिली."